मुस्तफाचा काना

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये मी काही वर्षे संध्याकाळचा संगणक वर्ग चालवत होतो. दिवसा जीन्सच्या कारखान्यांत धागे कापणारी, बटणे लावणारी पोरे रात्री आठच्या सुमारास वर्गात येत. बोटांना लागलेला निळा रंग धुऊनही जात नसे, त्यामुळे कीबोर्डची बटणेही हळूहळू निळसर झाली होती. सिंधी, मराठी, उत्तर प्रदेशातून आलेल्या मुसलमान कारागिरांची, सगळी मुले एकाच बाकावर बसत. यंत्रे सहा होती. सहाही कुठल्या ना कुठल्या कचेरीतून बाद होऊन आलेली आणि विंडोज एक्सपीवर चालणारी.

२०१३ च्या जूनमध्ये मोहल्ल्यातल्या मुलांना वह्या वाटायच्या होत्या. नावांची यादी मराठीत हवी होती. मी पायथन २.७ मध्ये एक छोटा प्रोग्राम लिहिला. कागदावर रकाने नीट बसावेत म्हणून प्रत्येक नावाला वीस अक्षरांची मर्यादा घातली. नुसत्या पहिल्या नावाला वीस अक्षरे म्हणजे चिक्कार, असा माझा हिशेब. यादी तयार झाली, ब्राउझरमध्ये उघडली. ‘सना’ ठीक होती, ‘रवी’ ठीक होता. पण जिथे जिथे ‘मुस्तफा’ होते तिथे ‘मुस्तफ’ आणि त्यापुढे काळ्या चौकटीत एक प्रश्नचिन्ह. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, काना कुठं गेला?”

चूक माझी होती, प्रोग्राम मीच लिहिला होता. पण त्या कान्याचा माग काढताना संगणकाच्या इतिहासातला एक भाग हाती लागला, जो पाठ्यपुस्तकांत सहसा नसतो. नवी गोष्ट कधी निघाली हे पुस्तकांत असते. ती जुनी यंत्रे वापरणाऱ्यांपर्यंत कशी पोचली, कोणी पोचवली आणि पोचेपर्यंत त्या लोकांनी काय केले, हे नसते. हा लेख त्या पोचवण्याबद्दल आहे.

आधी कान्याचे सांगतो. ‘मुस्तफा’ हे नाव वाचताना आपल्याला तीन अक्षरे दिसतात: मु, स्त, फा. युनिकोडच्या हिशेबाने ती सात चिन्हे आहेत: म, उकार, स, हलन्त, त, फ आणि काना. माझ्या प्रोग्रामने मोजली एकवीस. कारण पायथन २ अक्षरे मोजतच नव्हता, तो बाइट मोजत होता, आणि आपल्या लिपीतले प्रत्येक चिन्ह साठवायला तीन बाइट लागतात. विसाव्या बाइटवर कात्री चालली. पहिल्या सहा चिन्हांचे अठरा बाइट शाबूत राहिले. कान्याच्या तीनपैकी दोन आत आले, एक बाहेर राहिला. दोन तृतीयांश काना कोणत्याच लिपीत नसतो, म्हणून प्रश्नचिन्ह.

आपल्या चिन्हाला तीन बाइट आणि इंग्रजी अक्षराला एकच, असे का? त्याची गोष्ट १९९२ सालची आहे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक हे बेल लॅब्जचे दोघे संशोधक एका खाणावळीत जेवायला बसले होते. ताटाखाली अंथरायच्या कागदावर थॉम्प्सन यांनी एक मांडणी लिहून काढली. तीच पुढे यूटीएफ-८ म्हणून जगभर गेली. त्यांच्यापुढची अडचण साधी होती. जगातल्या सगळ्या लिप्यांना क्रमांक देणारी युनिकोडची पहिली आवृत्ती वर्षभरापूर्वीच, १९९१ मध्ये, आली होती. पण तोवर लिहिले गेलेले हजारो प्रोग्राम एक अक्षर म्हणजे एक बाइट हेच धरून चालत होते, आणि ते सगळे नव्याने लिहिणे कोणालाच शक्य नव्हते. म्हणून मांडणी अशी केली की इंग्रजी अक्षरे होती तशी एकाच बाइटमध्ये राहतील, आणि बाकीच्या लिप्यांची चिन्हे दोन, तीन किंवा चार बाइटमध्ये अशी विभागली जातील की जुन्या प्रोग्रामला काही न कळताही तो ती इकडून तिकडे सुखरूप नेईल. देवनागरी आणि जुन्या प्रोग्रामांची गाठ या सोयीमुळे पडली. नेणाऱ्याला आत काय आहे ते कळत नाही एवढीच त्यातली मेख. नुसते वाहून न्यायचे असेल तर चालते, कापायचे किंवा मोजायचे ठरवले की काना तुटतो.

पायथनच्या कर्त्यांना हा दोष ठाऊक होता. गुइडो व्हान रॉसम यांनी पायथनची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली तीही १९९१ मध्येच. २००० साली आलेल्या पायथन २.० मध्ये युनिकोड मजकुरासाठी एक वेगळा प्रकार जोडला गेला, पण साधा मजकूर बाइटचाच राहिला. एकाच घरात दोन चुली झाल्या. डिसेंबर २००८ मध्ये पायथन ३.० आले तेव्हा हा तंटा मिटवला गेला: मजकूर म्हणजे युनिकोड, बाइट म्हणजे बाइट, दोन्ही वेगळे. त्याची किंमत अशी की पायथन २ मध्ये लिहिलेले बहुतेक प्रोग्राम पायथन ३ वर जसेच्या तसे चालेनात.

आता ज्यांचे सगळे काम पायथन २ वर उभे आहे त्यांनी काय करायचे? इथे त्या लोकांनी एक गोष्ट केली जी मला फार मोलाची वाटते. नवी आवृत्ती काढण्याच्या दोनच महिने आधी, ऑक्टोबर २००८ मध्ये, त्यांनी जुन्या वाटेवरची २.६ ही आवृत्ती काढली आणि तिच्यात नव्या पायथनमधल्या बऱ्याच गोष्टी मागे आणून ठेवल्या. जुलै २०१० च्या २.७ मध्ये आणखी काही आणल्या. यालाच बॅकपोर्ट म्हणतात. पुढे तयार झालेली गोष्ट मागे राहिलेल्यांसाठी मागे आणून बसवणे.

आमच्या मुलांना मी हे त्यांच्याच धंद्याच्या भाषेत सांगायचो. जुन्या पँटीची चेन खराब झाली आणि बाजारात नवी, चांगली चेन आली आहे. गिऱ्हाईक नवी पँट घेऊ शकत नाही. कारागीर जुन्याच पँटीला नवी चेन बसवून देतो. हा बॅकपोर्ट. पण गिऱ्हाईक म्हणाले की कंबर तीन इंच वाढव, तर कारागीर आधी शिवण उलटून बघतो की आत माया सोडली आहे का. माया असेल तर वाढवता येते. नसेल तर कितीही हुशार हात असला तरी कापड कुठून आणणार?

पायथनमध्ये ही माया जाणूनबुजून सोडलेली होती. २००१ मध्ये, २.१ या आवृत्तीत, एक सोय करण्यात आली जिचे नावच ‘फ्यूचर’. प्रोग्रामच्या अगदी वरच्या ओळीत सांगायचे की भविष्यातून अमुक गोष्ट आणा, आणि जुना पायथन तेवढ्यापुरता नव्यासारखा वागू लागे. उदाहरणार्थ, जुन्या पायथनमध्ये सात भागिले दोन केले की उत्तर तीन येई, कारण पूर्ण संख्येला पूर्ण संख्येने भागले तर उत्तर पूर्णच द्यायचे असा नियम होता. एक ओळ वर लिहिली की साडेतीन. ही सोय भागाकारासाठी २००१ अखेरच्या २.२ मध्येच मिळाली. म्हणजे पायथन ३ येण्याआधी सात वर्षे.

आमच्या यादीसाठी मी तीच वाट धरली. वरच्या ओळीत भविष्यातून युनिकोड मागवले. फळ्यावर ‘मुस्तफा’ लिहिले, यंत्राला विचारले की हे किती? उत्तर आले सात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग खरी यादी चालवली आणि काना पुन्हा तुटला.

कारण ती ओळ प्रोग्रामच्या आत हाताने लिहिलेल्या शब्दांपुरतीच होती. नावे तर फाइलमधून येत होती आणि फाइलमधून येणारे अजून बाइटच होते. तेव्हा फाइल उघडण्याची नवी पद्धत, जी पायथन ३ साठी तयार होऊन २.६ मध्ये मागे आणली गेली होती, ती वापरली. काना परत आला. दोन दिवसांनी एका मुलाने प्रोग्रामला दुसरी एक जुनी फाइल जोडली आणि सगळेच बंद पडले. एका बाजूने युनिकोड आले, दुसऱ्या बाजूने बाइट आले, आणि दोघांना एका ओळीत बसवायला पायथन २ राजी होईना. तेव्हा ती मर्यादा मला नीट कळली. चेन बदलून मिळते, पण मजकूर म्हणजे काय हा प्रश्न चेनचा नसतो, अख्ख्या कापडाचा असतो. कापडातला बदल ठिगळाठिगळाने मागे आणता येतो, पूर्ण आणता येत नाही.

हा प्रकार पायथनने सुरू केला असे मात्र नाही. डेन्मार्कचे ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप १९७९ पासून बेल लॅब्जमध्ये सी भाषेत वर्गांची कल्पना आणण्यासाठी झटत होते. १९८३ मध्ये त्यांच्या भाषेला सी प्लस प्लस हे नाव मिळाले. पण नव्या भाषेसाठी प्रत्येक जातीच्या यंत्रावर नवा कंपायलर कोण लिहिणार? त्यांनी सीफ्रंट नावाचा प्रोग्राम लिहिला जो सी प्लस प्लसचे सी भाषेत रूपांतर करून देत असे. सीचा कंपायलर सगळीकडे होताच. १९८५ मध्ये सीफ्रंट विक्रीला आला आणि जुनी यंत्रे असलेल्यांच्या हातातही नवी भाषा पोचली. आज जिला आपण स्वतंत्र, भक्कम भाषा समजतो ती पहिली काही वर्षे जुन्या भाषेचे कपडे घालून वावरत होती. सीफ्रंटलाही शेवट आला. चालू कामात चूक झाली तर ती वर कळवून सावरण्याची नवी रीत भाषेत आली. ती सीच्या कपड्यात बसवण्याचा प्रयत्न झाला, तो फसला आणि १९९३ च्या सुमारास तो मार्ग सोडून द्यावा लागला. इथेही माया संपली होती.

आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण तर याहून बोलके आहे. १९८० च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम चालले होते. मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पुढे पुण्यात सी-डॅकमध्ये नेले. ही संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली. त्यांनी जिस्ट नावाचे एक कार्ड बनवले. तेव्हाचे डॉसवर चालणारे संगणक आणि त्यांवरचे डीबेस, लोटस यांसारखे प्रोग्राम इंग्रजीपलीकडे काही जाणत नव्हते. हे कार्ड संगणकाच्या आत खोचले की तेच इंग्रजी प्रोग्राम देवनागरी दाखवू लागत. डीबेसच्या कर्त्यांनी मराठीचा विचार केला नव्हता, कधी करणारही नव्हते. प्रोग्राम बदलणे हातात नव्हते, म्हणून आपल्या लोकांनी यंत्राच्या पोटात कार्ड बसवून ती कसर भरून काढली. त्या काळच्या इस्की या भारतीय संकेतावरूनच युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी घेतली गेली. म्हणजे आज आपल्या फोनवर जे मराठी उमटते त्याचे एक मूळ जुन्या यंत्रांना सांभाळून घेण्याच्या त्या खटपटीत आहे.

मग आमच्या वर्गखोल्यांत काय घडले? तिथे बॅकपोर्ट कमी झाला, दुसरेच काही झाले. माझ्या पिढीतल्या ज्या कोणी महाराष्ट्रात बारावीला किंवा कॉलेजात संगणकशास्त्र घेतले त्यांना टर्बो सी प्लस प्लसचा तो निळा पडदा आठवेल. बोर्लंड कंपनीने १९९० मध्ये तो बाजारात आणला. आपल्याकडे ३.० ही आवृत्ती सर्वांत जास्त चालली, ती १९९० च्या दशकाच्या अगदी सुरुवातीची. सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले १९९८ मध्ये. म्हणजे आपली मुले जी भाषा शिकत होती ती प्रमाण ठरण्याआधीची होती, आणि हे २०१० नंतरही अनेक प्रयोगशाळांत चालूच होते. खरे-खोटे साठवण्याचा ‘बूल’ हा प्रकार त्यात नव्हता. चुणचुणीत विद्यार्थी इंटरनेटवरचा नवा प्रोग्राम उतरवून आणी, तो चालत नसे. मग कोणीतरी वरच्या बाजूला दोन ओळी लिहून ‘बूल’ स्वतःच तयार करी: खोटे म्हणजे शून्य, खरे म्हणजे एक. सतरा-अठरा वर्षांच्या त्या पोराला ठाऊक नव्हते की याला बॅकपोर्ट म्हणतात. त्याने तो केला होता.

त्याच निळ्या पडद्यावर आठचा फॅक्टोरियल काढायला सांगितला की उत्तर येई उणे २५२१६. खरे उत्तर ४०३२०. टर्बोमध्ये साधी पूर्ण संख्या दोन बाइटची, ३२७६७ च्या वर ती जातच नसे. गडी उलटा फिरून उण्यात शिरे. ही माया नसलेली जागा. विद्यार्थ्याला वाटायचे आपलेच गणित कच्चे आहे. माझा तर असा अनुभव की एका मुलाने त्या उत्तरावरून आठवडाभर स्वतःला बोल लावला होता.

पुढे ६४ बिटचे विंडोज आले. त्यावर डॉसचे जुने प्रोग्राम चालेनात. आता तरी टर्बो सुटेल असे वाटले होते. पण २००२ पासून डॉसबॉक्स नावाचा प्रोग्राम उपलब्ध होता. तो नव्या संगणकाच्या आत जुन्या संगणकाचे सोंग उभे करतो. टर्बो त्यात बसवला गेला आणि नव्याकोऱ्या यंत्रावर पुन्हा तोच निळा पडदा दिसू लागला. हे बॅकपोर्टच्या नेमके उलटे आहे. बॅकपोर्टमध्ये यंत्र जुने असते आणि वस्तू नवी. इथे यंत्र नवे होते आणि वस्तू वीस वर्षांची. नवा कंपायलर फुकट मिळत असताना असे का झाले? प्रश्नपत्रिका त्याच होत्या, जर्नल तेच होते, शिकवणाऱ्यांना सवय तीच होती. ज्याला खरोखर पर्याय नाही त्याच्यासाठी जुने सांभाळणे आणि बदलाचा कंटाळा म्हणून जुने सांभाळणे यांत फरक आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. म्हणून तो फरक विचारून घ्यावा लागतो.

वेबच्या जगात हेच काम फार मोठ्या प्रमाणावर झाले. २००१ सालचे इंटरनेट एक्सप्लोरर ६ पुढे कितीतरी वर्षे कचेऱ्यांत आणि सायबर कॅफेंत ठाण मांडून होते. एक्सपीवर त्याच ब्राउझरची आठवी आवृत्ती चाले, नववी चालत नसे. नव्या सोयी या ब्राउझरांत नसत. तेव्हा त्या सोयी जावास्क्रिप्टमध्ये लिहून जुन्या ब्राउझरच्या अंगात भरण्याची रीत पडली. ब्रिटनच्या रेमी शार्प यांनी तिला पॉलिफिल हे नाव दिले. त्यांच्याकडे भिंतीतल्या भेगा बुजवायला पॉलिफिला नावाची लांबी मिळते, त्यावरून. २०१४ मध्ये सेबॅस्टियन मॅकेन्झी या ऑस्ट्रेलियन तरुणाने नवी जावास्क्रिप्ट जुनीत उतरवून देणारा प्रोग्राम लिहिला. तोच पुढच्या वर्षी बेबेल या नावाने प्रसिद्ध झाला. फोनवरही हेच घडले. जावा ८ मधली नवी लेखनपद्धत २०१४ मध्ये आली, पण अँड्रॉइड जुन्या जावावरच अडून होते. तेव्हा रेट्रोलॅम्डा नावाच्या साधनाने नवा प्रोग्राम जुन्या साच्यात उतरवून दिला जाई. पुढे ही सोय अँड्रॉइडच्याच साधनांत आली. कॅम्प ५ च्या कारागिराच्या खिशातला चार वर्षांपूर्वीचा स्वस्त फोन नवे ॲप उघडतो, तेव्हा त्यामागे असेच कोणाचे तरी काम असते. त्या कारागिराला ते दिसत नाही, दिसायची गरजही नाही.

आता ‘ॲप’ हा शब्द मी आत्ताच लिहिला, त्यातल्या पहिल्या अक्षराबद्दल सांगायला हवे. ‘ॲ’ हे मराठीचे अक्षर. हिंदीवाले त्याजागी ‘ऐ’ लिहितात. वकिलाच्या पाटीवर ‘ॲड.’ लिहायचे तर ते हवेच. पण युनिकोडमध्ये हे अक्षर आले २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोपर्यंत सगळे जण ‘अ’ लिहून त्यावर चंद्र चढवत. आमच्या वर्गातले विंडोज एक्सपी २००१ चे. त्याला हे अक्षर ठाऊक असण्याचे कारणच नव्हते, तिथे चौकोन दिसे. पायथनचेही तेच. २००६ सालचे पायथन २.५ युनिकोडच्या ४.१ या यादीवर चालत होते, म्हणून ‘ॲ’ त्याच्या लेखी अक्षरच नव्हते. २.६ पासून ते ओळखीचे झाले.

सिंधीची कथा अशीच आणि आमच्या गावाला जास्त जवळची. उल्हासनगर म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लोकांना तिथल्या बराकींत ठेवले गेले आणि १९४९ मध्ये गावाला आजचे नाव मिळाले. हे लोक आपली भाषा अरबी वळणाच्या ५२ अक्षरांत लिहीत आले होते. ती अक्षरमाला १८५३ मध्ये, सिंध मुंबई इलाख्यात असताना, इंग्रज सरकारने ठरवून दिली होती. मूळ अरबी लिपीत २८ अक्षरे. सिंधीतले जास्तीचे आवाज बसवण्यासाठी ठिपके वाढवत ती ५२ पर्यंत नेली होती. जुन्या लिपीत नवे आवाज बसवण्याची ही विद्या संगणकाच्या शंभर वर्षे आधीची आहे. आपण उर्दू शब्दांसाठी देवनागरीत नुक्ता देतो तोही त्याच जातीचा. भारतात आल्यावर सिंधी देवनागरीतही लिहिली जाऊ लागली. तिथे श्वास आत ओढून उच्चारायचे चार आवाज दाखवायला ग, ज, ड, ब यांच्याखाली रेघ ओढत. या चार अक्षरांना, ॻ ॼ ॾ ॿ यांना, युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००६ मध्ये.

म्हणजे एकाच वर्गात, दोन वर्षांच्या अंतराने, सिंधी मुलाची चार अक्षरे आणि मराठी मुलाचे एक अक्षर जगाच्या यादीत दाखल झाले, आणि दोघांच्याही यंत्रांना त्याचा पत्ता नव्हता. पायथनपुरता यावर नंतर उपाय निघाला. युनिकोडडेटा२ नावाचे एक पॅकेज आहे. ते नव्या पायथनमधली अक्षरांची यादी उचलून जुन्यात आणून देते, म्हणजे भाषा जुनी राहूनही अक्षरांची ओळख नवी होते. पण पूर्वी चंद्र चढवून लिहिलेला ‘ॲ’ आणि नवा ‘ॲ’ डोळ्यांना एकच दिसत असले तरी यंत्राच्या लेखी वेगळे आहेत. युनिकोड त्यांना समान मानत नाही. एकाने जुन्या पद्धतीने लिहिलेले नाव दुसऱ्याने नव्या पद्धतीने शोधले तर सापडत नाही. आजही. ज्यांच्या कागदपत्रांवर नावाच्या एका मात्रेवरून वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतात त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

बॅकपोर्टची बाजू मी मांडतो आहे म्हणून त्याचा खर्चही सांगितला पाहिजे. पायथन २ चा आधार २०१५ मध्ये काढून घ्यायचे ठरले होते. २०१४ मध्ये ती मुदत २०२० पर्यंत वाढवली गेली. त्याच वर्षी सुरक्षेचा प्रश्न उभा राहिला. जुन्या पायथनमधली इंटरनेटवरच्या सुरक्षित संपर्काची व्यवस्था मागासलेली होती, आणि तिच्यावर चालणारे प्रोग्राम जगभर होते. त्यांना ‘तुम्ही नव्यावर या, नाहीतर तुमचे तुम्ही बघा’ असे सांगता आले असते. निक कॉगलन यांनी लेखी प्रस्ताव मांडला की नियमाला अपवाद करून पायथन ३.४ मधली ही व्यवस्था २.७ मध्ये आणावी. डिसेंबर २०१४ च्या २.७.९ मध्ये ती आली. हे काम करणाऱ्यांत बरेच जण स्वयंसेवक. नवे काही बनवण्याचा वेळ त्यांनी जुन्याला दिला. शिवाय मुदत वाढली की लोक निवांत होतात, आणि आज करायचे ते २०१९ वर ढकलतात. आमचा वर्गही त्यातलाच.

१ जानेवारी २०२० ला पायथन २ चा आधार संपला. एप्रिलमध्ये शेवटची २.७.१८ आवृत्ती निघाली आणि विषय मिटला. मला वाटते दोन्ही गोष्टी बरोबर होत्या: मागे राहिलेल्यांसाठी थांबणे आणि थांबण्याची तारीख आधी जाहीर करणे. तारखेशिवाय थांबले असते तर निळ्या पडद्यासारखे झाले असते. न थांबता निघून गेले असते तर आमच्यासारखे सहा यंत्रांचे वर्ग पहिल्याच दिवशी बाहेर पडले असते.

उल्हासनगरच्या जुन्या बराकींबद्दल म्हातारी माणसे सांगतात की सैनिकांसाठी बांधलेल्या लांब दालनांत आधी गोणपाटाचे पडदे टांगून कुटुंबांनी खोल्या पाडल्या. मग पडद्यांच्या जागी पत्रे, पत्र्यांच्या जागी विटा. ज्याला जमले त्याने बराक पाडून घर बांधले. पडदा टांगणाऱ्याला कोणी मागासलेला म्हणणार नाही. त्या रात्री घरातल्या बायामाणसांना आडोसा हवा होता आणि विटा यायच्या होत्या.

वह्यांच्या यादीचा तो प्रोग्राम आम्ही २०१९ च्या दिवाळीच्या सुट्टीत पायथन ३ वर नेला. एक्सपीची यंत्रे तोवर भंगारात गेली होती. कोणीतरी दान दिलेले दोन लॅपटॉप आले होते. काना कुठे गेला म्हणून विचारणारा मुलगा आता एका वॉशिंग युनिटचा हिशेब बघतो, तो मुद्दाम येऊन बसला. प्रोग्रामच्या डोक्यावर भविष्यातून मागवलेल्या गोष्टींच्या चार ओळी होत्या: भागाकार, छपाई, युनिकोड आणि आणखी एक जी का घातली होती ते मलाही आठवेना. पायथन ३ ला त्यांची गरज नव्हती, ठेवल्या असत्या तरी तो काही बोलला नसता. त्याने एकेक ओळ पुसली आणि यादी चालवली. मर्यादा अजून वीसचीच होती. मुस्तफा पूर्ण आला, काना शाबूत, वर तेरा चिन्हांची जागा शिल्लक.

पुसण्याआधी त्या चार ओळी मी वहीत उतरवून घेतल्या. २०१३ मध्ये कॅम्प ५ च्या एका खोलीत कोणत्या गोष्टी अजून यायच्या होत्या, याची ती नोंद आहे.